ठोकळा हलत नाही

"ठोकळा हलतच नाही, सर," कृतिका म्हणाली आणि तिने पेपर टेबलावर ठेवला.

टेंबे सर हसले. हसणारच. डोंबिवलीत फिजिक्स शिकवायला लागून बावीस वर्षं झालेली, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या उत्तरावर बोट ठेवायची कुणाची छाती झाली नव्हती. त्यातून उतारावरचा ठोकळा म्हणजे त्यांच्या हातचा मळ. उतार तीस अंशांचा, घर्षणांक ०.६, ठोकळा अलगद ठेवून सोडून दिला, तर त्याचं त्वरण किती? पेन न उचलता सरांचं उत्तर तयार: ०.२. पेपर काढला तेव्हा उत्तरांचा तक्ताही त्यांनी असाच तोंडी भरून टाकला होता. सूत्रात घाला, उत्तर काढा, पुढे चला, हे तर क्लासमधलं शेंबडं पोरही म्हणून दाखवायचं.

आता एका प्रश्नासाठी कुणी एवढं भांडत नाही. पण ही निवड चाचणी होती. पहिल्या चाळीस मुलांना सर स्वतः शिकवणार, बाकीच्यांच्या नशिबी त्यांचे मदतनीस. यादी सकाळीच लागली होती आणि कृतिका होती एकेचाळिसावी. तीन मार्कांनी हुकलेली. या प्रश्नाचे चार मिळाले आणि चुकल्याबद्दल कापलेला एक परत आला, तर ती आत येत होती. तक्रारीला पालक सोबत हवा असा क्लासचा नियम, म्हणून ती आज्याला, नाथाला, घेऊन आली होती. आयुष्यभर मिठागरात उन्हात राबलेला माणूस, तो एसीखाली उपरणं लपेटून बसला होता.

सरांनी शांतपणे समजावलं. सूत्रात आकडे घातले की उत्तर उणे ०.२ येतं. उणे म्हणजे नुसती दिशा. ती सोडून द्यायची आणि आकडा लिहायचा. सगळ्या बॅचने तसंच केलंय, एकटीने शून्य लिहून शहाणपणा केलाय तो कृतिकाने.

कृतिका जागची हलली नाही. तिने पेपरवरच्या उताराच्या चित्रावर बोट ठेवलं.

"सर, खाली घसरणं अधिक धरलंय, म्हणजे उणे ही दिशा वरची झाली ना? मग कुणी न ढकलता ठोकळा आपोआप चढ चढणार का?"

नाथाला सूत्रातलं काही कळत नव्हतं, पण एवढं कळलं. मिठाची रास आपण घसरताना पाहिली आहे आणि ठाम उभी राहिलेलीही पाहिली आहे, पण आपल्या पायांनी वर चढलेली काही पाहिली नाही, असं त्याने सांगून टाकलं. कृतिकाने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

सरांनी पेन उचललं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. टॅन तीस म्हणजे ०.५७७. घर्षणांक ०.६. उतार ठोकळ्याला जेवढा खाली ओढतोय, त्याहून घर्षणाची धरून ठेवायची ताकद जास्त. म्हणजे ठोकळा जिथे ठेवला तिथेच बसून राहणार. सरांनी तीन वेळा करून पाहिलं. तिन्ही वेळा शून्य.

मग त्यांनी यादी पुढे ओढली. उत्तर बदललं की साऱ्या बॅचचे पाच-पाच मार्क जाणार होते, कृतिका वर चढणार होती आणि शेवटचं नाव बाहेर पडणार होतं. चाळिसावं नाव होतं ऋजुता टेंबे. त्यांची मुलगी.

खरं सांगायचं तर सरांच्या मनात आलं. समोर एक सोळा वर्षांची पोर आणि तिचा म्हातारा आजा. आजा म्हणजे पालक नव्हे, असं नियमावर बोट ठेवून वाटेला लावलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. त्यांनी यादी बाजूला सारली. मग लाल पेनाने त्यांनी कृतिकाच्या उत्तरावर बरोबरची खूण केली, आपलं चुकलं असं स्वच्छ शब्दांत सांगितलं आणि सोमवारपासून पहिल्या बॅचला यायला सांगितलं. नाथाने उठून हात जोडले. सरांना स्वतःचा अभिमान वाटला, आणि का वाटू नये?

ती दोघं गेल्यावर सरांनी गठ्ठ्यातून ऋजुताचा पेपर काढला. पोरगी रडणार, हे ते धरून चालले होते. प्रामाणिकपणा म्हणजे काय, हे तिला कसं सांगायचं त्याची त्यांनी मनातल्या मनात जुळवाजुळवही केली. तशी ती गुणी. घरात कधी उलट शब्द बोलायची नाही, हे सर पालकसभेत कौतुकाने सांगायचे. त्यांनी तिच्या ०.२ वर लाल फुली मारली आणि मार्क कापायला पान उलटलं.

मागच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने कच्चं काम केलेलं होतं. टॅन तीस, ०.५७७. घर्षणांक ०.६. त्याखाली दोन रेघा ओढून लिहिलं होतं: हलत नाही, शून्य.

ऋजुता शेजारच्या खोलीत नोट्स लावत होती. सरांनी तिला बोलावलं. यादीतलं नाव गेल्याचं सांगितलं, मग तो मजकूर तिच्यापुढे धरला आणि बरोबर उत्तर काढून चुकीचं का लिहिलंस, असं विचारलं. ती रडली नाही. उलट तिला नवल वाटलं, बाबांना एवढं कसं कळत नाही.

"बाबा, ठोकळा हलत नाही हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "पण पेपर तुम्ही काढलेला ना. तुम्हाला काय उत्तर हवं असेल, तेही माहीत होतं."