धवल्यासाठी साउंड कार्ड

"ह्या कार्डाची खरखर जात न्हाय. काढ," मनोरमा म्हणाली. मशीनमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. खरखर मात्र कळायची, मग ती गळ्यातली असो की कॉम्प्युटरातली.

वरसाव्याच्या बंगल्यात, हॉलमधल्या टेबलाखाली वाकून नया नगरचा रोशन दुसरं साउंड कार्ड लावत होता. परवा धाकट्या नातीची, कृतिकाची हळद. धवला, म्हणजे लग्न लावायचं गाणं, या वेळी स्पीकरवर वाजणार होता. आजवर गावातली लग्नं मनोरमाच्या धवल्यानं लागली, भटजी मागाहून. पण आता तिला एका ओळीत दोनदा धाप लागायची.

"दादी, याला डिजिटल आउटपुट आहे." रोशननं वायरचं टोक दाखवलं. टोकाशी लाल उजेड होता. "यातून आवाज उजेडावर बसून जातो, सीधा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये. कॉम्प्युटरची घरघर मध्ये घुसतच नाही."

"उजेडावर बसून! आमी जल्मभर तोंडातनंच काढला बाबा. लाव."

त्यानं लावलं. मोठ्या नातीच्या, भूमिकाच्या लग्नातलं रेकॉर्डिंग सुरू झालं. मघाच्या कार्डावर नुसता गलबला होता. आता बांगड्या वाजलेल्यासुद्धा ऐकू आल्या, आणि त्यावर मनोरमाचा आवाज, कोयत्यासारखा.

"मांडवी बैसली गो, भूमिका नवरी..."

धर्मेशनं, तिच्या लेकानं, झटकन आवाज बंद केला. स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. भूमिका नवऱ्याचं घर सोडून परत आली होती, ती आत होती.

"टेन्शन नको, अंकल," रोशन म्हणाला. "नाव काटून टाकू. दादी तेवढी एक ओळ कृतिकाचं नाव घालून म्हणतील. माईक पण हे कार्ड एकदम साफ पकडतं."

धर्मेश आईजवळ सरकला. "आय, त्यापेक्षा भूमिकाला बसव ना मांडवात तुझ्या बाजूला. तुझा दम सरला का ती उचलंल. सगला धवला तुझ्याकडनंच शिकलीय. हे कार्डबिर्ड कशाला मग?"

"नवऱ्याकडनं परत आलेली बाई धवला म्हनत न्हाय."

"आय, आता कोन बघतं..."

"दशरथची उर्मिला अशीच परत आल्येली, तिला मी धवला म्हनताना भर मांडवातनं उठवली. तवा सगला गाव बघत व्हता. आता माझी नात, तर नियम वाकवू व्हय?"

"गाव इसरला ते."

"मी न्हाय इसरली. ए पोरा, माईक आन."

रोशननं माईक पुढे धरला. मनोरमा ताठ बसली. पंखा बंद झाला.

"हलद पिवली गो, मीठ पांढरं..." आवाज लागला. धर्मेशनं मान डोलावली. "मांडवी बैसली गो..."

आणि दम सरला. नाव ओठांशी आलं अन् तिथंच अडकलं.

"...कृतिका नवरी."

ओळ आतून उचलली गेली होती. भूमिका दारात उभी होती, कोपरापर्यंत साबणाचा फेस. ती गायला आलीच नव्हती. आजीचा दम सरला की ओळ खाली पडू द्यायची नाही, एवढंच तिच्या अंगात मुरलेलं. आपण काय केलं ते ध्यानात आलं तशी तिनं ओल्या हातानं तोंड दाबून धरलं.

दाराकडे पाठ असलेल्या रोशननं ओळ परत वाजवली. हॉल भरून गेला. एक आवाज कुठं संपला आणि दुसरा कुठं सुरू झाला, ते शोधूनही सापडत नव्हतं.

"अरे वा! अब कुछ करनाही नहीं. हेच ठेवू. दादी, ये किसने गाया?"

धर्मेश आईकडे बघत होता. भूमिकाही बघत होती, तोंडावरचा हात तसाच.

मनोरमानं पदर खांद्यावर ओढून घेतला. पोरीचा आवाज आपल्या तरुणपणीच्या आवाजाहून गोड आहे, हे तिच्या कानांनी केव्हाच ओळखलं होतं. ते कान कधी चुकले नव्हते.

"कोनी न्हाय," ती म्हणाली. "पूस ते. मी परत म्हनते."