पंचवीसचा आकडा

घुमटाखालच्या सगळ्या आळीत पेढे वाटले जात होते. घरोघरी हवेचे मीटर बदलले होते. जुन्यावर जेमतेम दोनचा आकडा दिसायचा, नव्यावर चक्क पंचवीस! सासूबाईंनी मीटरला हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडले.

"देवाने ऐकलं बाई एकदाचं!"

मृदुलाला मात्र ते पटेना. जुने दोन म्हणजे तासाला दोन घनमीटर हवा. नव्या मीटरवर लिहिलं होतं, मिनिटाला लिटर. तिने मनातल्या मनात पंचवीसला साठने गुणलं. तासाला दीड हजार लिटर, म्हणजे दीडच घनमीटर. माणशी अर्धा घनमीटर लागतो, आणि घरात माणसं चार.

"का गं, तोंड का उतरलं?"

"आई, हवा वाढलेली नाही. एका माणसाची कापलीय त्यांनी."

सासूबाई हातातला पेढा तसाच धरून मीटरकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तो नातीला भरवला, पदराला हात पुसले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं,

"घुमटाचं बाहेरचं दार आतून उघडतं ना गं?"

"हो," मृदुला बोलून गेली.

बाहेर तर श्वासापुरतीही हवा नव्हती.