सुटलेली वायर

२०१७ सालच्या नाताळात देवबागेत केळुसकरांच्या घरचा गिझर तिसऱ्यांदा बंद पडला.

पुण्याचे पाहुणे थंड पाण्याने कुडकुडत बाहेर आले आणि दुसरी रात्र न राहता गाडीत बसले. गाडी माडांआड जाईपर्यंत शर्मिष्ठा अंगणात हसत उभी होती. मग ती सासूकडे वळली.

"झाला मनासारख्या? आता पेटवा तुमचो बंब."

आनंदीबाई सुपातले तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "पेटवतंय की. जाळूक नारळाची सोडणां तुझ्या बापाशीन धाडल्यान काय?"

घराच्या समुद्राकडच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायची कल्पना शर्मिष्ठाची. तिचा नवरा सिद्धेश पर्यटकांना होडीतून फिरवायचा, बाकी सगळं ती एकटी बघायची. आनंदीबाईंना पाहुणे नको होते आणि गिझर तर त्याहून नको होता. "भिंतीतसून इल्ल्या पाण्यान माणूस भिजता, न्हाता नाय," असं त्या येईल त्याला ऐकवायच्या.

गुरुदास वायरमन आला. आधीच्या दोन्ही वेळा त्याला आत वायर सुटलेली दिसली होती. पण देवबागच्या खाऱ्या पाण्यात कॉइलच जाते, हे गावात सगळ्यांना ठाऊक. तेव्हा त्याने एकदा कॉइल बदलली आणि एकदा थर्मोस्टॅट.

ओटीवरच्या बाकावरून दाजींनी विचारलं, "मेन पाडलंस मां?"

दाजी आनंदीबाईंचे यजमान. वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. गुरुदासला खांबावर चढायला त्यांनीच शिकवलं होतं.

"पाडलंय, दाजीनू."

दाजी आणखी काही बोलणार तोच आनंदीबाई खेकसल्या, "तुमी गप रवा. पेज थंड होता."

गुरुदासने झाकण काढलं आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"कॉइल बरी आसा. थर्मोस्टॅटय बरो. वयनी, ही वायर आपसूक सुटूक नाय. कोणीतरी हातान सोडवल्यान आणि स्क्रू परत आवळून ठेयल्यान."

शर्मिष्ठाने त्याला चहासुद्धा विचारला नाही.

त्यानंतर ती न्हाणीघरावर नजर ठेवून राहिली. आठवड्याच्या आतच, पहाटे दार ढकललं तर आनंदीबाई स्टुलावर उभ्या. पदर खोचलेला, गिझरचं झाकण उघडं, हातात पेचकस.

शर्मिष्ठाच्या ओरडण्याने सिद्धेश धावत आला.

"आये, ह्या काय?"

"मी सोडवूक नाय," आनंदीबाई खाली उतरत म्हणाल्या. "बसवत होतंय."

"मगे सोडवल्यान कोणी? देवचारान?" शर्मिष्ठाने विचारलं.

आनंदीबाईंनी स्टूल उचलून कोपऱ्यात ठेवलं.

"डोक्यावर परिणाम झालोसा हेंच्या," शर्मिष्ठा नवऱ्याला म्हणाली. "शेजारच्या बाबूकाकांका कशे खोलीत कोंडून ठेयलेसत? तशीच कडी घालूक व्हयी. उद्या कोणा पाव्हण्याक करंट बसलो तर पोलीस माका धरतले. ह्या घरात एक तर त्या, नाय तर मी."

"कोंडतंस? हात तर लावन बघ!" आनंदीबाईंचा आवाज चिरकला. आपलं म्हणणं लागलं, हे शर्मिष्ठाने ओळखलं.

"मी खोटी आसलंय तर कौल लावया," ती म्हणाली. "देव सांगतलो."

नाही म्हणायला कोणालाच जागा नव्हती. सोमवारी चौघं देवळात गेली. दाजी धुतलेला सदरा घालून खांबाला टेकून बसले. गुरवाने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या घरात कोणाच्या हातान खोडी होता ती उजेडात हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शर्मिष्ठाचा आवाज सगळ्यांत मोठा.

देवाच्या पाषाणावर गुरवाने ओले तांदूळ चिकटवले. एकेकाचं नाव घ्यायचं. उजवीकडचा दाणा पडला की हो, डावीकडचा पडला की नाही.

"थोरल्यापासून सुरू करतंय," गुरव म्हणाला आणि त्याने पहिलं नाव घ्यायला तोंड उघडलं.

"थांबा!" आनंदीबाई पुढे झाल्या. "कौल नको. देवाक कशाक तरास? मीच सोडवी होतंय."

"पयल्यापासून?" सिद्धेशने विचारलं.

"पयल्यापासून. माका तो गिझर नको होतो. ही बयाय नको होती."

शर्मिष्ठाने देवाला हात जोडले. सिद्धेशने आईकडे पुन्हा पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात त्याने तिला खारेपाटणला तिच्या भावाकडे पोचवलं. दाजींना कोणी जा म्हटलं नव्हतं. पण आनंदीबाईंनी त्यांचीही पिशवी भरली. "माझ्याशिवाय जेवचे नाय," एवढंच म्हणाल्या. गाडीत बसताना सुनेकडे पाहून त्या पचकन थुंकल्या.

तो गिझर पुन्हा कधी बिघडला नाही. शर्मिष्ठाच्या दोन खोल्यांच्या पाच झाल्या, आणि सासूला पेचकसासकट कसं पकडलं ते ती पाहुण्यांना रंगवून सांगू लागली. गुरुदास गोव्याला गेला, तिथेच स्थिरावला. सिद्धेशने स्वतःची मोठी होडी घेतली. आईला तो सणालाही फोन करत नसे. खारेपाटणला गेल्यावर दुसऱ्या वर्षी दाजी वारले.

बाराव्याला सिद्धेश तिथे गेला. मोबाइल चार्जिंगला लावायला जागा शोधत तो घरभर फिरला. प्रत्येक बटणांच्या फळीवर लाकडी खोकं ठोकलेलं होतं, आणि प्रत्येक खोक्याला कुलूप.

"थांब, किल्ली दितंय," मामा म्हणाले. "भावोजी रोज सकाळी घरातल्या घरात ड्युटीर जायत मां. आधी खंयची तरी वायर सोडवीत, मगेच चाय घेयत. देवबागेतसूनच तशे होते म्हणे. तुझ्या आयेन तुका सांगल्यान नाय?"