शेवटची ओळ

"शेवटची ओळ वाच," खेळाच्या शेटे बाई म्हणाल्या.

आश्लेषाने तळहाताने डावा डोळा झाकला. भिंतीवर पांढरा चौकोन तेवढा दिसत होता. पण पुढच्या तेरा मुलींनी वाचलेली ओळ तिने रांगेत उभ्या उभ्या घोटून पाठ केली होती.

शाळेच्या उपक्रम सप्ताहात आज डोळे तपासणी होती आणि शनिवारी खो-खोचा अंतिम सामना. गेल्या वर्षी प्राचीला चष्मा लागला, तसं बाईंनी तिला संघातून काढलं होतं. "पडलीस आणि काच डोळ्यात गेली, तर जबाबदार कोण?"

"र, ग, प, म, ल," आश्लेषाने धडाधड म्हणून टाकलं.

मागे कुणीतरी खुसखुसलं आणि लगेच गप्प झालं. बाई जवळ आल्या.

"मघापासून तुझे ओठ हलताना बघतेय. म्हणून तुझ्या वेळी तक्ता उलटा टांगला. समोर कोरा कागद आहे, बाळ."

 डोळ्यावरचा हात काढायचंही आश्लेषाला सुचेना.

"कधीपासून दिसत नाही?"

"दिवाळीपासून."

"मग जिल्ह्याच्या सामन्यात पाच जणींना बाद कसं केलंस?"

"पायांचा आवाज येतो ना, बाई. मला काढू नका."

बाईंनी तक्ता सुलटा करून टांगला. मग दाराकडे वळून म्हणाल्या, "दहावीतल्या प्राचीला बोलवा कुणीतरी. शनिवारी दोघींनी खेळायचंय म्हणावं. चष्मा लावून."