दुधातला पाव

माझं लग्न झालं ते १९३७ साल. पहिल्या आषाढाला मी नंदुरबारला माहेरी आले, तेव्हा खेमराजदादा मुदतीच्या तापाने अंथरुणाला खिळला होता. डॉक्टर म्हणाले, "आतडं फार नाजूक झालंय. दिवसाला एकच पाव दुधात शिजवून द्या. जास्त गेलं तर वाचणार नाही."

आई कडाडली, "ताडीनं फुगवलेला पाव? जैनाच्या चुलीवर? मी मेल्यावर आणा!"

दादाची बायको कंचनवहिनी आईला चुकवून बेकरीतून पाव आणू लागली. परसात तीन विटांवर दुधात शिजवून दादाला भरवायची. त्या बेकरीचा पाव त्याला पहिल्यापासून आवडायचा. भुकेलेला तो वाटी चाटूनपुसून संपवायचा.

एकदा बेकरीवाले उस्मानचाचा हसून म्हणाले, "वहिनी, घरमा दोन दोन पाव कोण खास? तुमनी सासू बी रोज सकायमा एक लई जास."

सासूही रोज सकाळी एक पाव नेते हे ऐकताच वहिनी हातातला पाव तिथेच टाकून घराकडे धावली. आई दादाचं तोंड पुसत होती.



दुसरीला सांगू नकोस म्हणून दोघींनीही त्याला आपापली शपथ घातली होती, आणि त्याने दोन्ही पाळल्या. नागपंचमीच्या दुपारी खेमराजदादा गेला.