पाण्याखालची वहिवाट

"पाण्याखालच्या तुकड्यात आता कोणाची वहिवाट नाही ना?" मिठागरांच्या कचेरीतल्या साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

महादेव मान खाली घालून बसला होता. शेजारी बसलेल्या त्याच्या सुनेचा, दिपाचा, जीव टांगणीला लागला. सासऱ्याने एवढा एक 'नाय' म्हणायचा होता. गव्हाणहून पनवेलला येताना रिक्षात तिने तो पोराकडून पाढे घ्यावेत तसा घोकून घेतला होता.

खाडीकाठचं ते मिठागर इंग्रजांच्या काळात महादेवच्या आज्याने भाडेपट्ट्याने घेतलं. सरकार बदललं, पट्टा तोच राहिला. सात वर्षांपूर्वी भाद्रपदातल्या उधाणात बांध फुटला आणि निम्मं मिठागर खाडीने गिळलं. बांध सांधायला धावलेला सुदाम, दिपाचा नवरा, बांधाबरोबरच गेला. दर्भाचा पुतळा करून त्याचं कार्य उरकलं.

कचेरी मात्र भाडं पुरं मागत राहिली. जमीन बुडाली असेल, पण तुम्ही ती सोडलीत कुठं, असं तिचं म्हणणं. बुडालेला तुकडा सोडून भाडं कमी करून घ्यायला दिपाने चार वर्षं उंबरे झिजवले. रोडपालीतल्या पाच घरची धुणीभांडी करायची आणि उरलेला जीव या अर्जापायी काढायचा. भाडं निम्मं झालं तर तिच्या लेकीला, पूर्वीला, नर्सिंगला घालता येणार होतं. नाहीतर जूनपासून लेकीच्याही हातात लोकांची भांडी.

म्हाताऱ्याला त्याचं काही नव्हतं. मुलगा गेला तेव्हा त्याने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. कार्याच्या दिवशी तर घरातून निघूनच गेला. ओहोटी लागली की फुटक्या बांधावर जायचा, चिंबोऱ्या-खेकडे धरायला म्हणून. परत यायचा तो कमरेपर्यंत चिखलाने माखून, रिकाम्या हाताने. सात वर्षांत घरात एक चिंबोरी आली नव्हती. माणूस आहे की दगड, असं दिपा शेजारच्या शोभाला म्हणायची.

"आजोबा, आहे की नाही?" साहेबांनी पेन उचललं.

"हाय," महादेव म्हणाला.

दिपाच्या अंगाची लाही लाही झाली. चार वर्षांच्या खेपा एका शब्दात पाण्यात गेल्या. साहेबही वैतागले. खाडीत कोणाची वहिवाट असते, कोण आहे तिथं, असं त्यांनी विचारलं.

"माझा सुदाम हाय. रोज चिखल चाचपतो, अजून गावला नाय मना." म्हाताऱ्याचा आवाज फाटला. "जागा सोडली तर तो परक्या पान्यात जाईल."

दिपाने सासऱ्याच्या हातांकडे पाहिलं. नखांत कालच्या ओहोटीचा चिखल होता. याच माणसाला आपण दगड म्हणत होतो, हे आठवून तिला स्वतःची लाज वाटली. मग लेकीचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि तिला रडू आवरेना.

"बाई, अर्ज तुमचा आहे," साहेब हळू आवाजात म्हणाले. "काय लिहू?"

दिपाने पदराने डोळे पुसले.

"लिवा, साहेब. आमच्या घरातलं मानूस हाय तिकडं. भाडं पुरं लावा."