डावा कोपरा

गुडघा निकामी झाल्यापासून सुनेत्रा मैदानाबाहेर बसून कबड्डी संघाची प्रत्येक चढाई लॅपटॉपवर नोंदवायची. तिच्या जागी आलेल्या रेवतीच्या गुणांचा आलेख दर सामन्याला वर चढत होता. तो पाहून सुनेत्राच्या पोटात दुखायचं.

उपांत्य सामन्यानंतर सॉफ्टवेअरने एक गोष्ट दाखवली. रेवतीची पकड होते ती बहुतेकदा डाव्या कोपऱ्यात.

"रेवतीला काही सांगायचंय?" प्रशिक्षक सरांनी विचारलं.

"नाही सर. चांगली खेळतेय."

अंतिम सामन्यात रेवती डाव्या कोपऱ्यात तीनदा सापडली. संघ दोन गुणांनी हरला.

रडून डोळे सुजलेली रेवती सुनेत्राशेजारी येऊन बसली.

"ताई, माझं काय चुकलं ते तूच सांग. तुझ्याइतका माझा खेळ कुणी बघत नाही."

सुनेत्राला तिच्याकडे पाहवेना.

"मला परवाच कळलं होतं," ती म्हणाली.